स्वयंसेवकांचे प्रशिक्षण: कामाला लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर

१९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटी भूकंपाने हादरली, तेव्हा सरकारी पथकांची वाट न पाहता रस्त्यावरची साधी माणसे ढिगारे उपसू लागली. त्यांना कोणी शिकवलेले नव्हते आणि त्यांच्या हाती धड साधनेही नव्हती. तरीही त्यांनी सुमारे ८०० लोकांना जिवंत बाहेर काढले, असे अमेरिकेच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणेच्या प्रशिक्षण साहित्यात नोंदवलेले आहे. त्याच नोंदीत पुढे असेही म्हटले आहे की, दुसऱ्यांना वाचवण्याच्या प्रयत्नात सुमारे १०० जणांनी स्वतःचे प्राण गमावले आणि ही हानी प्रशिक्षणाने टाळता येण्याजोगी होती. लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने त्याच सुमारास सामान्य नागरिकांना आपत्तीतल्या मदतकार्याचे प्राथमिक शिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू केला आणि १९९३ पासून तो अमेरिकाभर राबवला जाऊ लागला.

बहुतेक धर्मादाय संस्थांचे काम इतक्या जोखमीचे नसते. वृद्धांना वाचून दाखवणे, मुलांचा अभ्यास घेणे, वाटपाची रांग सांभाळणे, रुग्णांच्या नातेवाइकांना अर्ज भरून देणे, देणग्या गोळा करणे अशी ही कामे असतात आणि म्हणूनच त्यांत शिकवण्यासारखे काय आहे, असे अनेक विश्वस्तांना वाटते. नुकसान इथेही होते, पण ते आवाज करत नाही. स्वयंसेवकाने मदतीचा शब्द परस्पर देऊन टाकलेला असतो आणि संस्थेला तो पाळता येत नाही. एखाद्या स्त्रीने विश्वासाने सांगितलेली हकिगत तिच्याच वस्तीत चर्चेचा विषय होते. मुलाचे छायाचित्र पालकांना न विचारता शेकडो फोनांवर पोचते. रोख देणगीची पावती फाडायची राहून जाते. यांतल्या बहुतेक चुकांमागे वाईट हेतू नसतो, उलट पुष्कळदा उत्साहच असतो. म्हणून स्वयंसेवकाचा हुरूप वाढवणे हे प्रशिक्षणाचे दुय्यम काम आणि ज्या माणसासाठी संस्था उभी आहे त्याला चांगल्या हेतूने झालेल्या चुकांपासून वाचवणे हे पहिले काम, असे धरून पुढचे टप्पे मांडले आहेत.

आधी काम कागदावर उतरवावे

‘आमच्याकडे स्वयंसेवक हवे आहेत’ एवढ्यावर प्रशिक्षण उभे राहत नाही. कोणत्या कामासाठी हवे आहेत, ते काम कोठे, केव्हा आणि कोणाच्या देखरेखीखाली होते, त्यात कोणाशी बोलावे लागते, काय उचलावे लागते, काय लिहावे लागते आणि कोणत्या बाबतीत स्वतः निर्णय घेण्याची मुभा आहे, हे प्रत्येक कामासाठी एका पानावर लिहून काढावे. हे पान कार्यालयात बसून लिहिले तर ते हमखास अपुरे राहते. जो स्वयंसेवक ते काम बराच काळ नीट करत आला आहे, त्याच्यासोबत एक पूर्ण फेरी करावी आणि तो जे जे करतो ते पाहून टिपावे. त्याला नुसते विचारून भागत नाही, कारण हातात मुरलेल्या गोष्टी माणसाला सांगताना आठवत नाहीत. दारात उभे राहून आधी आपले नाव आणि संस्थेचे नाव सांगणे, वृद्धाच्या ऐकू येणाऱ्या कानाच्या बाजूला बसणे, अर्ज भरण्याआधी त्यातला मजकूर मोठ्याने वाचून दाखवणे, या गोष्टी त्याच्या वर्णनात कधीच येणार नाहीत आणि नवा माणूस नेमका त्यांतच चुकेल.

या पानावर एक रकाना आवर्जून ठेवावा: ‘हे या कामात येत नाही’. अभ्यास घेणाऱ्याने मुलाच्या घरच्या भांडणात मध्यस्थी करू नये, औषधे पोचवणाऱ्याने ती कशी घ्यावीत याचा सल्ला देऊ नये, अशा नोंदी तेथे याव्यात. हा रकाना भरताना विश्वस्त आणि कार्यकर्ते यांच्यात मतभेद होतात. ते प्रशिक्षणाच्या दिवशी नव्या माणसांसमोर होण्यापेक्षा आधीच झालेले बरे.

चुकांच्या यादीतून अभ्यासक्रम

अभ्यासक्रम ठरवताना बहुतेक संस्था स्वतःच्या इतिहासापासून आरंभ करतात. स्थापना, संस्थापक, उद्दिष्टे, पुरस्कार, शाखा या क्रमाने पहिला तास जातो आणि मग उरलेल्या वेळात काम ‘समजावून’ दिले जाते. त्याऐवजी कागदावर उतरवलेल्या प्रत्येक कामापुढे तीन प्रश्न लिहावेत. येथे नवा माणूस कोणती चूक करू शकतो? ती झाली तर किंमत कोण मोजतो? आणि ती नंतर सुधारता येते का? मागच्या काही वर्षांतल्या तक्रारी, हिशेबातल्या विसंगती, अपघात आणि थोडक्यात टळलेले प्रसंग आठवून ही यादी भरावी. लाभार्थ्यांनाही विचारावे. ‘आमच्या माणसांचे काय खटकते?’ असा सरळ प्रश्न त्यांना सहसा कोणी विचारत नाही, आणि विचारल्यावरही पहिल्यांदा ‘सगळे चांगले आहे’ असेच उत्तर मिळते, कारण मदत घेणारा माणूस मदत करणाऱ्याविषयी सहजी बोलत नाही. संस्थेशी थेट संबंध नसलेल्या कोणाकडून हे विचारून घेतले तर खरे काही हाती लागते.

यादी तयार झाली की तिची विभागणी करावी. ज्या चुकीची किंमत लाभार्थी मोजतो आणि जी नंतर दुरुस्त होत नाही, ती टाळण्याचे शिक्षण काम सुरू होण्यापूर्वीच द्यावे आणि ते झाल्याशिवाय कोणालाही लाभार्थ्यासमोर पाठवू नये. गोपनीयता, मुलांची सुरक्षितता, रोख रक्कम, स्वयंसेवकाची स्वतःची सुरक्षितता आणि कोणत्या प्रसंगी काम थांबवून समन्वयकाला फोन करायचा, एवढे विषय जवळजवळ प्रत्येक संस्थेत या गटात येतात. ज्या चुका सहज सुधारता येतात, जसे की नोंदवहीत तारीख चुकीची पडणे किंवा सामान भलत्या फडताळात ठेवणे, त्या पहिल्या काही आठवड्यांत काम करता करता शिकवाव्यात. उरलेली माहिती, म्हणजे दूरध्वनी क्रमांक, वेळापत्रके आणि अर्जांचे नमुने, शिकवूच नये. ती एका घडीच्या कागदावर छापून हातात द्यावी. या विभागणीचा व्यावहारिक लाभ असा की, दिवसभराच्या ठरलेल्या कार्यक्रमातले पुष्कळसे विषय तेथून बाहेर पडतात आणि ज्या चार गोष्टी खरोखर महत्त्वाच्या आहेत त्यांना सरावासाठी वेळ मिळतो.

निवडीची भेट

प्रशिक्षणाने सगळे साध्य होत नाही. ज्याला थांबून ऐकता येत नाही, त्याला एका दिवसात श्रोता करता येत नाही. म्हणून प्रशिक्षणाआधी प्रत्येक इच्छुकाशी स्वतंत्र बोलावे, तो किती वेळ देऊ शकतो आणि कोणत्या अपेक्षेने आला आहे हे समजून घ्यावे आणि मुले, वृद्ध किंवा आजारी माणसे यांच्याशी एकट्याने संबंध येणार असेल तर ओळखीच्या व्यक्तींकडे चौकशी आणि आपापल्या देशातल्या कायद्याने सांगितलेली पडताळणी पूर्ण करावी. ‘ओळखीचा आहे’ ही पडताळणी नव्हे. संपर्काच्या कामाला योग्य न वाटणाऱ्या माणसाला नाकारण्याऐवजी पुष्कळदा दुसरे काम देता येते. गोदामाच्या नोंदी किंवा पत्रव्यवहार मनापासून करणारे लोक कोणत्याही संस्थेला कमीच पडतात.

ओळखसत्र

हे सत्र दीड तासापेक्षा लांबवू नये. संस्था कोणासाठी काय करते, काय करत नाही, पैसा कोठून येतो, तक्रार कोणाकडे करायची, खर्चाची भरपाई मिळते का आणि विम्याचे संरक्षण आहे की नाही, एवढे सांगावे. विमा नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. ज्या जागेत काम होणार आहे तिथेच सत्र घेतले तर आत-बाहेर जाण्याचे मार्ग, अग्निशामक साधन, प्रथमोपचार पेटी आणि स्वच्छतागृह वेगळे दाखवावे लागत नाही. भाषणे टाळावीत.

कौशल्य शिकवण्याची रीत

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना अल्पावधीत तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ नावाचा कार्यक्रम १९४० मध्ये सुरू झाला. त्यातली शिकवण्याची चार पायऱ्यांची पद्धत आजही स्वयंसेवकांना काम शिकवण्यास उत्तम आहे आणि तिला साधनांचा खर्च जवळजवळ नाही. पहिल्या पायरीत शिकणाऱ्याला मोकळे करायचे आणि त्याला आधीपासून काय येते ते विचारून घ्यायचे. दुसरीत काम टप्प्याटप्प्याने करून दाखवायचे आणि प्रत्येक टप्प्यातली महत्त्वाची बाब व तिचे कारण सांगायचे. तिसरीत त्याच्याकडून ते काम करवून घ्यायचे, आणि करता करता कारणेही त्यानेच सांगायची. चौथीत त्याला कामावर सोडून वारंवार पाहत राहायचे व हळूहळू देखरेख कमी करायची. शिकणाऱ्याला आले नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलेच नाही, हे त्या कार्यक्रमाचे सूत्र होते. सेवाकार्यात अपयशाचे खापर स्वयंसेवकाच्या ‘वृत्ती’वर फोडण्याची जी सवय असते, तिला हे सूत्र चांगले उत्तर आहे.

उदाहरणादाखल, घरी जाऊन कुटुंबाची माहिती भरून आणण्याचे काम घेऊ. पहिल्या पायरीला नव्या स्वयंसेवकाला विचारावे की, अनोळखी माणसाने त्याच्याच घरी येऊन उत्पन्न विचारले तर त्याला कसे वाटेल. दुसऱ्या पायरीला अनुभवी कार्यकर्त्याने खरा अर्ज घेऊन पूर्ण संवाद करून दाखवावा: आधी ओळख, मग माहिती कशासाठी हवी आणि ती कोण पाहणार हे सांगणे, मग ‘उत्तर द्यायचे नसेल तर सांगा’ ही मुभा आणि त्यानंतरच पहिला प्रश्न. उत्पन्नाचा प्रश्न शेवटी का ठेवला आहे, याचे कारण येथेच सांगावे, कारण कारण ठाऊक नसलेला माणूस घाई झाली की क्रम बदलतो. तिसऱ्या पायरीला नव्या स्वयंसेवकाने हाच संवाद दोनतीन वेगवेगळ्या सहकाऱ्यांशी करावा. यातला एक सहकारी घाईत असावा, एकाने प्रत्येक प्रश्नाला ‘कशाला हवे?’ असे विचारावे. चौथी पायरी प्रत्यक्ष घरी जाण्याची; तिचा विचार पुढे केला आहे.

व्याख्यान आणि पडद्यावरची चित्रे यांना या पद्धतीत फारसे स्थान नाही. कायदा किंवा नियम सांगण्यापुरती ती ठीक आहेत. हाताने, जिभेने किंवा धीराने करायच्या कामाला ती पुरत नाहीत.

प्रसंगांचा सराव

प्रशिक्षणाच्या वेळातला निदान अर्धा भाग सरावाला द्यावा, असे माझे ठाम मत आहे. सराव म्हणजे चुकांच्या यादीतला एकेक प्रसंग घेऊन तो वठवून पाहणे. प्रसंग संस्थेच्या अनुभवातून घ्यावेत, मात्र नावे, ठिकाणे आणि ओळख पटवणारे तपशील बदलावेत. नाहीतर गोपनीयता शिकवतानाच ती मोडली जाते. सर्वांसमोर एका जोडीने अभिनय करण्यापेक्षा तिघातिघांचे गट करावेत. एकाने स्वयंसेवक व्हावे, दुसऱ्याने लाभार्थी, तिसऱ्याने केवळ पाहावे आणि टिपावे, आणि मग भूमिकांची अदलाबदल व्हावी. लाभार्थ्याची भूमिका केल्यावर माणसाला जे कळते ते दहा सूचनांनी कळत नाही. हात पुढे करून उभे राहणे किती अवघड आहे, याची जाणीव त्या पाच मिनिटांत होते.

प्रसंग फार नाट्यमय निवडू नयेत. ‘वाटप संपले आहे आणि रांगेत अजून माणसे आहेत’, ‘आजी दर वेळी स्वयंसेवकाला पैसे देऊ करतात’, ‘एक मुलगी म्हणते, तुम्हाला एक सांगते पण कोणाला सांगू नका’, ‘देणगीदार म्हणतो, माझे पैसे अमक्याच समाजाच्या मुलांना द्या’. हे प्रसंग नेहमी येतात आणि प्रत्येकात उत्तर द्यायला काही सेकंदच मिळतात. मुलीच्या प्रसंगात पुष्कळ जण प्रेमाने ‘नाही सांगणार, वचन’ असे म्हणून बसतात. प्रशिक्षकाने तिथेच थांबवावे. मुलीने अत्याचाराविषयी सांगितले तर ते वचन मोडावे लागेल, आणि मोडले की तिचा मोठ्या माणसांवरचा उरलासुरला विश्वासही जाईल. ‘तू सांगशील ते मी नीट ऐकेन, पण तुला धोका आहे असे वाटले तर जी व्यक्ती मदत करू शकते तिला मला सांगावे लागेल’ हे वाक्य प्रत्येकाने स्वतःच्या शब्दांत, तोंडाने म्हणून पाहावे. वाचून कळलेले वाक्य ऐन वेळी जिभेवर येत नाही.

सरावानंतरच्या अभिप्रायाला शिस्त हवी. आधी ज्याने स्वयंसेवकाची भूमिका केली त्याने स्वतः काय जमले आणि काय अडले ते सांगावे, मग लाभार्थी झालेल्याने आपल्याला काय जाणवले ते सांगावे आणि शेवटी पाहणाऱ्याने प्रत्यक्ष दिसलेली व ऐकलेली गोष्ट सांगावी. ‘तू उद्धट होतास’ याचा उपयोग नाही. ‘त्या बोलत असताना तू दोनदा घड्याळाकडे पाहिलेस’ याचा आहे. मग तोच प्रसंग लगेच पुन्हा करून घ्यावा. बहुतेक ठिकाणी वेळेअभावी ही दुसरी फेरी गाळली जाते, आणि मग नव्या माणसाच्या मनात चुकलेली आवृत्तीच शेवटची राहते.

मर्यादांचे शिक्षण

दुःखात असलेल्या माणसाशी संबंध येणाऱ्या स्वयंसेवकाला सर्वांत अवघड जाते ते काही न करणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये काही सहयोगी संस्थांसह मानसिक प्रथमोपचाराची, म्हणजे संकटाने हादरलेल्या माणसाला द्यायच्या पहिल्या आधाराची, मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यातली कृतीची तत्त्वे तीनच आहेत: पाहा, ऐका आणि योग्य मदतीशी जोडून द्या. ही मदत केवळ तज्ज्ञांनीच द्यावी असे तेथे मानलेले नाही. मात्र माणसाला झालेला प्रसंग सांगण्याचा आग्रह करू नये, खोटा दिलासा देऊ नये, आणि ‘तुमच्यापेक्षा वाईट मी पाहिले आहे’ असले काही बोलू नये, हेही स्पष्ट आहे. याचा अर्थ असा की, समुपदेशक नसलेल्या स्वयंसेवकालाही करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते शिकता येते. लंडनमध्ये १९५३ साली आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी सुरू झालेल्या ‘समॅरिटन्स’ या सेवेचा अनुभव हेच सांगतो. भेटीसाठी ताटकळणाऱ्यांशी नुसत्या गप्पा करणारे, त्यांचे ऐकून घेणारे साधे स्वयंसेवक इतके उपयोगी ठरले की, पुढच्याच वर्षी ऐकण्याचे मुख्य काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले.

दुसरी मर्यादा अधिकाराची आहे. मदत वाटणाऱ्याच्या हातात, त्याला जाणवो वा न जाणवो, सत्ता असते. २००२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतल्या निर्वासित छावण्यांत मदतकार्यातल्याच काही लोकांनी लैंगिक शोषण केल्याचे आरोप उघड झाल्यावर, आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांच्या स्थायी समितीने सहा मूलभूत तत्त्वे ठरवली. १८ वर्षांखालील व्यक्तीशी लैंगिक संबंधांना, स्थानिक कायदा काहीही म्हणो, पूर्ण मनाई. मदत, पैसा किंवा नोकरी यांच्या बदल्यात अशा संबंधांना मनाई. आणि सहकाऱ्याविषयी नुसती शंका आली तरी ती ठरलेल्या मार्गाने कळवण्याचे बंधन, या बाबी त्यांत आहेत. लहान संस्थांना हा विषय आपला वाटत नाही, म्हणून तो प्रशिक्षणातून गळतो. तो घ्यावा, थोडक्यात घ्यावा आणि संकोच न करता घ्यावा. मुलांसोबत बंद खोलीत एकट्याने न बसणे, खाजगी फोनवरून त्यांच्याशी संदेशांची देवाणघेवाण न करणे, भेटवस्तू परस्पर न देणे, असे साधे नियम त्याच्या जोडीने सांगावेत. हे नियम स्वयंसेवकालाही खोट्या आरोपापासून वाचवतात, हे सांगितले की ते अपमानास्पद वाटत नाहीत. शंका कोणाला कळवायची त्या व्यक्तीचे नाव आणि क्रमांक हातातल्या कागदावर असावा, आणि ती व्यक्ती समन्वयकाहून वेगळी असावी, कारण शंका समन्वयकाविषयीही असू शकते.

पैशाबाबतचे नियम एका परिच्छेदात संपतात. रोख रक्कम दोघांनी मोजावी, पावती समोरच फाडावी, रक्कम घरी नेऊ नये आणि स्वतःच्या खिशातून लाभार्थ्याला उसने देऊ नये. यातला शेवटचा नियम सर्वांत जास्त मोडला जातो आणि मोडणारा स्वयंसेवक बहुधा संस्थेतला सर्वांत दयाळू माणूस असतो, म्हणून त्याला नियमाचे कारण नीट सांगावे: एकाला मिळालेले उसने दुसऱ्याला कळते आणि पुढच्या भेटीपासून स्वयंसेवकाकडे मदतनीस म्हणून पाहिले जात नाही.

छायाचित्रांविषयी संस्थेचे धोरण नसेल तर प्रशिक्षणाआधी ते ठरवून घ्यावे. परवानगी घेतली तरी, ज्या संस्थेकडून मदत मिळते तिला नकार देणे समोरच्याला अवघड जाते, हे धोरण ठरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

जोडीने काम, मग एकट्याने

वर्गातले प्रशिक्षण संपले म्हणजे माणूस तयार झाला असे नाही. पहिल्या फेऱ्यांत नव्या स्वयंसेवकाने अनुभवी माणसासोबत जाऊन फक्त पाहावे. नंतरच्या फेऱ्यांत त्याने काम करावे आणि अनुभवी माणसाने पाहावे. किती फेऱ्या लागतील हे कामावर अवलंबून आहे. सामान बांधण्याला एक पुरेल, मरणासन्न रुग्णाजवळ बसण्याला कित्येक लागतील. एकट्याने पाठवण्याचा निर्णय ठरावीक दिवस उलटले म्हणून घेऊ नये. चुकांच्या यादीतून काढलेल्या आठदहा कृतींचा एक कागद करावा, सोबतच्या अनुभवी माणसाने प्रत्येक कृती प्रत्यक्ष पाहिल्यावर तिच्यापुढे सही करावी आणि सगळ्या सह्या झाल्यावरच परवानगी मिळावी.

प्रत्येक फेरीनंतर दहा मिनिटांचे बोलणे ठेवावे. तीनच प्रश्न विचारावेत: आज काय घडले, कोठे अडखळायला झाले, आणि काही मनाला लागले का. तिसऱ्या प्रश्नाला पहिल्याच दिवशी उत्तर येत नाही, पण तो रोज विचारला जातो हे कळले की एक दिवस येते. पुष्कळ स्वयंसेवक न सांगता येणे बंद करतात, आणि मागाहून संस्था त्यांना ‘चिकाटी नसलेले’ ठरवते. चौकशी केली तर बहुधा असे निघते की, एखाद्या प्रसंगाने ते हादरले होते आणि त्याविषयी कोणाशी बोलायचे हे त्यांना ठाऊक नव्हते.

शिकलेले टिकते का

सत्राच्या शेवटी भरून घेतलेला अभिप्रायाचा कागद फार कमी सांगतो. अमेरिकन प्रशिक्षणतज्ज्ञ डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून मांडलेल्या प्रशिक्षणाच्या मोजमापाच्या चार पातळ्यांपैकी तो फक्त पहिली: शिकणाऱ्याला कसे वाटले. दुसऱ्या पातळीवर तो काय शिकला हे पाहायचे, तिसऱ्यावर कामाच्या जागी त्याचे वागणे बदलले का आणि चौथ्यावर संस्थेच्या कामावर काय परिणाम झाला. छोट्या संस्थेने दुसरी आणि तिसरी पातळी धरली तरी पुरे. दुसरी सह्यांच्या कागदाने मोजली जाते. तिसरीसाठी समन्वयकाने दोनतीन महिन्यांनी एकदा सोबत जावे, आणि लाभार्थ्यांना ‘आमची माणसे येण्याआधी कळवतात का, तुमची माहिती कोणाला सांगायची हे तुम्हाला विचारतात का’ असे ठोस प्रश्न विचारावेत.

विसरणे ही प्रत्येकाची गोष्ट आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाऊस यांनी १८८५ मध्ये स्वतःवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले की, पाठ केलेले विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि अंतर ठेवून केलेल्या उजळणीने ते अधिक टिकते. प्रथमोपचारासारख्या क्वचित लागणाऱ्या कौशल्यांत हे ठळकपणे दिसते. प्रौढ माणसाचे हृदय बंद पडल्यास छातीवर मिनिटाला १०० ते १२० या गतीने ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाब द्यायचा असतो; हे आकडे माणसाच्या लक्षात राहतात, पण दाबाची खोली आणि गती यांची हाताची सवय काही महिन्यांतच ओसरू लागते. म्हणून वर्षातून एक मोठे शिबिर घेण्यापेक्षा दर महिन्याच्या बैठकीत वीस मिनिटे एकाच प्रसंगाच्या सरावाला द्यावीत. प्रसंग त्या महिन्यात प्रत्यक्ष घडलेल्या अडचणीतून निवडला तर जुने स्वयंसेवकही टाळाटाळ करत नाहीत, एरवी त्यांना उजळणीला आणणे कठीण असते. ‘मला वीस वर्षांचा अनुभव आहे’ असे म्हणणाऱ्याला उजळणीतून सूट देऊ नये. नियम बदललेले त्यालाच सर्वांत उशिरा कळतात.

शिकवणार कोण

उत्तम काम करणारा उत्तम शिकवेलच असे नाही. ज्याला काम सहज जमते त्याला नवख्याची अडचण दिसत नाही आणि तो ‘सोपे आहे, बघ’ म्हणून पुढे जातो. सहा महिने ते वर्षभर काम केलेला, स्वतःच्या अडचणी अजून आठवणारा आणि न चिडता तीच गोष्ट पुन्हा दाखवणारा माणूस प्रशिक्षक म्हणून निवडावा व त्याला वर सांगितलेली चार पायऱ्यांची रीत आधी शिकवावी. बाहेरचा तज्ज्ञ कायदा, प्रथमोपचार किंवा बालसंरक्षण अशा विषयांपुरता बोलवावा. त्याने येण्यापूर्वी संस्थेच्या कामाचे पान आणि चुकांची यादी वाचलेली असावी, नाहीतर तो तयार भाषण करून जातो.

प्रत्येक सत्राची हजेरी, शिकवलेले विषय आणि सह्यांचे कागद एका धारिकेत ठेवावेत. अपघात किंवा तक्रार झाल्यास ही धारिका संस्थेच्या बाजूने बोलते. देणगीदाराकडे प्रशिक्षणासाठी पैसे मागतानाही ती उपयोगी पडते. ‘प्रशासकीय खर्च’ म्हणून हा खर्च कापला जातो, पण ‘या यादीतल्या चुका टाळण्यासाठी’ असे मांडले तर देणगीदार निदान ऐकून घेतो.

एका दिवसापुरते येणारे

सण, मोहीम किंवा आपत्तीच्या वेळी अचानक येणाऱ्या स्वयंसेवकांना हे सगळे टप्पे लागू करता येत नाहीत. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने अशा स्वयंस्फूर्त स्वयंसेवकांच्या नियोजनासाठी २०१७ मध्ये आयएसओ २२३१९ हे स्वतंत्र मार्गदर्शक मानक काढले, यावरूनच हा प्रश्न किती ठिकाणी येतो हे कळते. संस्थेने शांततेच्या काळातच दोन याद्या करून ठेवाव्यात. एका यादीत पंधरा मिनिटांच्या सूचनांवर करता येणारी कामे असावीत: सामानाची वर्गवारी, पाकिटे भरणे, पाणी देणे, रांगेचा रस्ता दाखवणे. दुसऱ्या यादीत प्रशिक्षणाशिवाय कोणालाही द्यायची नाहीत अशी कामे असावीत: घरभेटी, मुलांची देखभाल, रोख रक्कम, जखमींना हलवणे, मृतांच्या नातेवाइकांशी बोलणे. पंधरा मिनिटांच्या सूचना आधीच लिहून, मोठ्या अक्षरांत छापून ठेवाव्यात, कारण गर्दीच्या दिवशी त्या आठवून सांगणारा समन्वयक एकाला सांगतो आणि दुसऱ्याला विसरतो. आलेल्या प्रत्येकाचे नाव व संपर्क लिहून घ्यावा, दहाजणांमागे एक प्रशिक्षित स्वयंसेवक नेमावा आणि त्याची ओळख पटेल असा पट्टा त्याला द्यावा. दुसऱ्या यादीतले काम मागणाऱ्याला, तो कितीही आग्रह करो, पहिल्या यादीतले काम द्यावे आणि पुढच्या ओळखसत्राची तारीख सांगावी.